बारा वर्षं न लागलेला दिवा

फार पूर्वीच्या गोष्टी सगळेच सांगतात. ही फार पुढची आहे. पण तुम्ही पूर्वीचीच समजून ऐका, काही बिघडत नाही.

एक गाव होतं. त्याला नदी नव्हती, शिवार नव्हतं, शेजारचं गाव तर नव्हतंच. कारण ते गावच्या गाव एका भल्यामोठ्या यानात होतं आणि ते यान एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे चाललं होतं. जे निघाले होते ते कधीच वारले. जे पोचणार होते ते अजून जन्मायचे होते. मग मधल्यांनी काय करायचं? तर तंटाबखेडा न करता गाव चालतं ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा कधी.

गावात दोन तऱ्हेची मंडळी होती. एक हाडामासाची, म्हणजे तुमच्याआमच्यासारखी, भूक लागणारी आणि जरा काही झालं की रुसणारी. दुसरी पत्र्याची. पत्र्याची म्हणजे यंत्रं, पण नुसती खडखडणारी नव्हेत. विचार करणारी, बोलणारी, मान-अपमान कळणारी. दोघं एकाच पारावर बसत. पत्र्याच्यांचंही बारसं होई, फक्त पाळणा नसे. सरपंच एका खेपेला हाडामासाचा तर पुढच्या खेपेला पत्र्याचा, अशी पाळी ठरलेली होती.

या गावाला वेस होती आणि वेशीवर एक जोडी होती. हाडामासाची सगुणाक्का आणि पत्र्याचा पितळोबा.

आता यानाला वेस कशाला, म्हणाल. बाहेर हवा नाही, जमीन नाही, पण बाहेर जावं तर लागतंच. कधी यानाच्या अंगावरचा पत्रा ठोकायचा असतो, कधी जवळून बर्फाचा दगड जात असतो तो फोडून आत आणायचा असतो. त्या बर्फाचंच गावाला पाणी. म्हणून वेशीला दोन दारं होती, एक आतलं, एक बाहेरचं, आणि मध्ये देवडी. बाहेर जाणाऱ्याने अंगावर जाड खोळ घालायची, पाठीला हवेची टाकी बांधायची आणि देवडीत जाऊन उभं राहायचं. मग आतलं दार लागे. मग वेशीवरची जोडी एक मोठा दांडा ओढी, की देवडीतली हवा निघून जाई आणि बाहेरचं दार उघडे. खोळीचं एखादं बक्कल नीट लागलेलं नसेल किंवा टाकीतून हवा गळत असेल, तर दांडा ओढल्यावर तो माणूस परत येत नसे.

म्हणून राखणीला दोघं. आक्का प्रत्येकाच्या मानेमागचं तीन दातांचं बक्कल बोटांनी चाचपून बघायची. पितळोबा प्रत्येक टाकीला कान लावून गळती ऐकायचा. आक्का म्हणायची, "पाहिलं." पितळोबा म्हणायचा, "पाहिलं." दोन तोंडांनी दोनदा म्हटल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही आणि दोघांनी मिळून ओढल्याशिवाय तो हलायचाही नाही.

अशी जोडी गावात प्रत्येक अवघड कामाला होती. चुलीवर होती, पाण्यावर होती, यानाच्या दिशेच्या काट्यावरही होती. एकाची नजर चुकली तर दुसऱ्याने पकडायची.

पहिल्या लोकांनी आणखी एक रीत घालून दिली होती. पारावर लाल काचेचा एक दिवा टांगलेला होता. जोडीतल्या एकाने दुसऱ्याची चूक पकडली, की दोघांनी जाऊन तो दिवा लावायचा. दिवा दिसला की गाव जमे. ज्याची चूक झाली तो काय झालं ते सांगे आणि ज्याने पकडली तो सगळ्यांना यानातल्याच मळ्यातल्या उसाचा गूळ वाटे. चूक सापडली म्हणजे एक मरण टळलं, असा त्याचा अर्थ. पोरं तर दिव्याची वाट बघत, गुळासाठी.

पुढे कुणी एक सरपंच आला, शिस्तीचा भारी भोक्ता. तो म्हणाला, "चुकीला गूळ वाटायचा? हे काय भलतंच." त्याने नियम केला, की ज्याच्या नावाने तीन दिवे लागतील त्याला कामावरून उतरवायचं. हाडामासाचा असेल तर तो घरी बसेल, आणि पत्र्याचा असेल तर त्याचं डोकं कोरं करून दुसऱ्या कामाला लावायचं. घरी बसलेल्यांना पोरं 'तीनदिवे' म्हणून चिडवू लागली. पाण्यावरचा राघो नावाचा एक पत्र्याचा होता, त्याचं डोकं कोरं केलं, तो पुढे भटारखान्यात कांदे सोलायचा. चाळीस वर्षं बरोबर काम केलेला त्याचा जोडीदार समोर आला तरी तो त्याला म्हणायचा, "आपण कोण?"

हळूहळू दिवे कमी झाले. मग लागायचेच बंद झाले. एक वर्ष झालं, दोन झाली, बघता बघता बारा झाली. आमच्या गावात चुका होत नाहीत, असं लोक छाती काढून सांगू लागले. चुका बंद झाल्यात की नुसते दिवे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. सुचलं असेल, पण तोंड कोण उघडणार?

तर एके दिवशी सकाळच्या घंटेनंतर तिघं जण पत्रा ठोकायला बाहेर निघाले होते. पितळोबाने तिन्ही टाक्यांना कान लावला आणि म्हणाला, "पाहिलं." आक्का तिसऱ्याच्या मानेमागे वाकली आणि तिच्या गालाला गार वाऱ्याची बारीकशी फुंकर लागली.

वेशीवर वारा कुठला? आक्काने पाहिलं, तर टाकीच्या तोंडाशी एक चाकी ढिली होती आणि तिथून हवा सुसू करत निघत होती. पितळोबाने आत्ताच तिथे कान लावला होता आणि त्याला ऐकू आलं नव्हतं.

"काय झालं, आक्का?" खोळीतला माणूस म्हणाला.

"काही नाही रे. फडकं अडकलं होतं," ती म्हणाली, चाकी घट्ट पिळली आणि म्हणाली, "पाहिलं."

तिघं गेले, काम करून सुखरूप परत आले. आक्का पारावर गेली नाही. दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पितळोबाच्या पाठीमागे एक चमचा टाकला. तो वळला नाही. तिने हळूच हाक मारली, "पितळ्या." तो वळला नाही. मोठ्याने मारली तेव्हा वळला आणि म्हणाला, "काय आक्का?"

"काही नाही. जेवलास का विचारत होते."

"मी कुठे जेवतो?" पितळोबा म्हणाला.

ती हसली, पण तिला रडू यायला लागलं होतं. कारण पितळोबा तिच्यासाठी नुसता जोडीदार नव्हता. तिच्या आधी तिच्या वडिलांबरोबर त्यानेच ही वेस राखली होती. वडील जाऊन तीस वर्षं झाली होती. गावात कुणाला आता त्यांचा चेहरासुद्धा आठवत नव्हता. पण आक्काने म्हटलं, "पितळ्या, बाबा कसे हसायचे रे?" की पितळोबा त्यांच्या आवाजात हसून दाखवायचा, मधली ठसक्याची उबळ धरून. त्याचं डोकं कोरं केलं तर वडील दुसऱ्यांदा जाणार होते. एकच दिवा लागला तरी सरपंच तपासणी लावतील, आणि तपासणीत तीन काय तीस निघतील, हे तिला दिसत होतं.

मग तिने ठरवलं, की आपण बक्कलही बघायचं आणि टाकीही बघायची. पितळोबाला कळूही द्यायचं नाही. ती बक्कल लावताना वाकायची आणि गुपचूप टाकीच्या तोंडाशी गाल न्यायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "नीट दिसत नाही, म्हातारी झाले."

तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. लोक बाहेर असले की ती दारापासून हलत नसे. जेवायला बसली तर घास हातातच राही. गाल लावला होता ना? तिघांना लावला, चौथ्याला? लावला असेल. लावलाच. नक्की लावला? माणसं परत येऊन खोळी उतरवेपर्यंत तिचे कान तापलेले असत. आणि मग दुसरी टोळी निघे.

अलीकडे तिच्या हातून भांडी पण पडत होती. ती म्हणायची, भांडं ओलं होतं. बोटांची टोकं सकाळी बधिर असतात हे तिला ठाऊक होतं, पण ते म्हणजे गारठ्याने होतं, असं तिने स्वतःशी ठरवून टाकलं होतं. जे ठरवलं त्यावर ती पुन्हा विचार करत नसे.

पितळोबाही विचित्र वागायला लागला होता. तो आक्काच्या मागोमाग रांगेतून फिरायचा आणि प्रत्येकाच्या मानेमागून हात फिरवायचा.

"माझ्या मागे काय चाचपडतोस?" तिने एकदा विचारलं.

"धूळ पुसतो, आक्का."

बिचारा, डोक्याने पण कामातून चाललाय, असं आक्काला वाटलं आणि तिची काळजी दुप्पट झाली.

आक्काची एक भाची होती, मैना. धाकटी बहीण गेली तेव्हा आक्काने तिला पदरात घेतलं होतं. मैना आता विशीची झाली होती, बोलायला फटकळ आणि हाताला चलाख. एक दिवस ती उड्या मारतच घरी आली.

"मावशी, बर्फाचा दगड येतोय. माझं नाव लागलंय टोळीत."

आक्काच्या हातातली ताटली पडली.

"ओली होती," आक्का म्हणाली.

"तुला आनंद नाही झाला?"

"झाला की. या खेपेला नाही गेलीस तर नाही चालणार?"

"अगं, वेशीवर तू आहेस आणि पितळोबा आहे. मला कसली भीती?" मैना म्हणाली.

मैना खरंच बेफिकीर होती. सगळं गावच बेफिकीर होतं. भीती सगळी एकट्या आक्काच्या वाट्याला आली होती आणि ती कुणाला वाटून देता येत नव्हती.

दगड यायचा दिवस उजाडला. गावात सात महिने पुरेल एवढंच पाणी राहिलं होतं आणि पुढचा दगड दीड वर्षाने येणार होता, त्यामुळे हा चुकवून चालणार नव्हता. दगड अर्धा दिवस जवळ राहणार आणि निघून जाणार. बाहेर जायला बावीस जण होते, हाडामासाचे बारा, पत्र्याचे दहा. पत्र्याच्यांना हवा लागत नाही, पण गारठ्याने त्यांचे सांधे फुटू नयेत म्हणून त्यांच्याही टाक्यांत ऊब भरलेली असायची. म्हणजे बावीस बक्कलं आणि बावीस टाक्या.

त्यात सरपंचांनी सोहळा काढला. त्या वर्षी पत्र्याची पाळी होती. सरपंच उंच, घासूनपुसून लख्ख आणि बोलायला गोड होते. दिवा न लागता बारा वर्षं झाली म्हणून वेशीला तोरण बांधलं होतं, ताशे आणले होते. पारावरचा लाल दिवा उतरवून, कापडात गुंडाळून, वेशीसमोर उभारलेल्या मंचावर ठेवला होता. पूर्वी चुका व्हायच्या तेव्हा अशी वस्तू असायची, असं पोरांना दाखवायला तो आता शाळेत ठेवणार होते.

ताशे वाजत होते. पितळोबा रांगेतून टाक्यांना कान लावत गेला आणि म्हणाला, "पाहिलं." ताशांच्या दणक्यात धडधाकट कानालाही काही ऐकू आलं नसतं. मग तो नेहमीसारखा आक्काच्या मागे जायला निघाला, तर सरपंच म्हणाले, "पितळोबा, तुम्ही इकडे मंचावर या."

"मला रांगेत काम आहे," पितळोबा म्हणाला.

"तुमचं झालं ना? आत्ता पाहिलं म्हणालात."

तो मंचावर जाऊन उभा राहिला. लोकांनी त्याच्या गळ्यात हार घातला. तो सारखा मान वळवून रांगेकडे बघत होता.

इकडे आक्का बक्कल, गाल, बक्कल, गाल असं करत रांगेतून चालली होती. बोटं आज फारच बधिर होती. एकवीस झाले. बाविसावी मैना होती, सगळ्यांत शेवटी.

"मावशी, आवर. सगळे बघतायत," मैना हळूच म्हणाली.

आक्काने बक्कलाला हात घातला. ती गाल न्यायला वाकणार, एवढ्यात सरपंचांनी मागून येऊन तिच्या गळ्यात हार टाकला. टाळ्या वाजल्या. कुणी तिला वळवून लोकांकडे तोंड करून उभं केलं. ती परत फिरली तेव्हा रांग देवडीत गेली होती आणि आतलं दार लागलं होतं. सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"पाहिलं," आक्का म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं ते. इतक्या वर्षांची सवय.

दाराला एक काच होती. काचेतून मैना तिला हात हलवून दाखवत होती.

पितळोबा मंचावरून उतरून दांड्यापाशी आला. दोघांनी दांड्यावर हात ठेवले. आक्काच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. एकवीस टाक्यांना गाल लावला. बाविसाव्या टाकीला लावला नाही.

टाकी गळतच असेल असं थोडंच आहे? बावीस टाक्यांत एखादी गळते, आणि ती नेमकी हिचीच कशी असेल? एवढ्या दिवसांत एकदाच तर सापडली. आणि आता थांबवलं तर का थांबवलं ते सांगावं लागणार. पितळ्याला ऐकू येत नाही, हे सगळ्या गावासमोर बोलावं लागणार. मग त्याचं डोकं कोरं. मग बाबांचं हसणं गेलं. आणि मी कित्येक महिने लपवलं, म्हणून मीही घरी. दगड निघून गेला तर पाण्याचे हाल, आणि सगळं गाव म्हणणार, आक्काने केलं. नाही बोलले तर बहुतेक काहीच होणार नाही. बहुतेक.

या 'बहुतेक'वरच ती इतके दिवस जगली होती. आज काचेच्या पलीकडे मैना उभी होती म्हणून तो शब्द तिला पुरेना. आणि मग तिला दुसरी गोष्ट सुचली, जिची तिला लाज वाटली. आत्तापर्यंत ज्यांना ज्यांना तिने या 'बहुतेक'वर बाहेर सोडलं, ती सगळी कुणाची ना कुणाची मैनाच होती.

"आक्का," सरपंच म्हणाले, "दगड थांबणार नाही."

आक्काने पितळोबाकडे पाहिलं. त्यानेही दांडा ओढला नव्हता. तो नुसता तिच्याकडे बघत होता.

"थांबा," आक्का म्हणाली. "मी पाहिलं म्हणाले, पण मी पाहिलेलं नाही."

ताशे बंद पडले.

"म्हणजे?" सरपंच म्हणाले.

"शेवटची टाकी बघायची राहिलीय."

"टाक्या तर पितळोबा बघतात."

"पितळ्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "किती महिने झाले. मला माहीत होतं. मी झाकलं. त्याच्या वाटचं मीच बघत होते."

गावात सुई पडली तरी ऐकू आलं असतं, अर्थात पितळोबा सोडून. आक्काला त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात तोच बोलला.

"आक्कांच्या बोटांना लागलेलं कळत नाही," पितळोबा म्हणाला. "गेल्या बर्फापासून. दहात दोन बक्कलं अर्धी लागलेली असतात. मी मागून लावत होतो. आज मला मंचावर उभं केलं, म्हणून आज कुणीच लावलेली नाहीत."

आक्का त्याच्याकडे वळली. "तू धूळ पुसतो म्हणालास."

"तुम्ही फडकं अडकलं म्हणालात. हवेची सुसू मला ऐकू आली नव्हती, पण तुम्ही चाकी पिळताना मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?" पितळोबा म्हणाला.

दोघांचं उत्तर एकच होतं, दुसऱ्याला वाचवायचं होतं.

आतलं दार उघडलं. सरपंचांनी चुलीवरच्या जोडीला बोलावून बावीसच्या बावीस जणांना पुन्हा तपासायला लावलं. आक्का मैनाच्या टाकीकडे धावली. टाकी ठणठणीत होती. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि आपण उगाच एवढा गहजब केला की काय, असंही वाटून गेलं. तेवढ्यात चुलीवरची बाई मैनाच्या मानेमागे हात घालून म्हणाली, "हे बक्कल एकाच दातावर आहे."

तिने बोटाने नुसता धक्का दिला आणि बक्कल उघडून लोंबायला लागलं.

टाकीच्या काळजीने आक्का अर्धमेली झाली होती, आणि मैनाचं मरण तिने स्वतःच्या बोटांनी बांधून ठेवलं होतं. मैनाने मावशीचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं एकेक करून दाबून पाहिली.

"लागतं?"

"नाही," आक्का म्हणाली. हे तिने आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं.

आणखी दोघांची बक्कलं अर्धी निघाली. ती लावून टोळी बाहेर गेली, पण उशीर झाला होता. दगड दूर सरकला आणि अर्धाच बर्फ हाती आला. मैना त्या टोळीबरोबर गेली, आक्काने नको म्हटलं नाही. तिघं-चौघं पुटपुटायला लागले होते, की आता या दोघांचं काय करायचं ते नियमात लिहिलेलंच आहे. सरपंच म्हणाले, "टोळी परत आली की पारावर जमा."

टोळी परत आली आणि गाव पारावर जमलं. आक्का आणि पितळोबा शेजारीशेजारी उभे होते. आक्काने मनाची तयारी केली होती. तिला फक्त एकदा बाबांचं हसणं ऐकून घ्यायचं होतं, पण सगळ्यांसमोर मागायची लाज वाटत होती.

सरपंच बोलायला उठणार, तेवढ्यात मैना वेशीवरच्या मंचावरून दिव्याचं गाठोडं घेऊन आली. तिने कापडाची गाठ सोडली, लाल दिवा बाहेर काढला, त्याच्या जागी टांगला आणि लावला. बारा वर्षांची धूळ जळून वास सुटला.

"आज माझं मरण टळलं," मैना म्हणाली. "मला गूळ पाहिजे."

मग एक म्हातारी, जिला गुळाची रीत आठवत होती, आत जाऊन ढेप घेऊन आली आणि रडत रडत फोडायला लागली.

दिवा लागलेला बघून चुलीवरची बाई चुळबुळायला लागली. मग म्हणाली, "चुलीची झडप पूर्ण मिटत नाही. दोन वर्षं झाली. आम्ही दोघं पाळीपाळीने तिथे पाय लावून बसतो." तिच्या जोडीच्या पत्र्याच्याने मान हलवली. पाण्यावरचा एक जण म्हणाला, "गाळणीला भोक आहे. मी चिंधी बांधलीय." मळ्यातला एक पत्र्याचा म्हणाला, "मला लाल-हिरवं कळत नाही. टोमॅटो माझी जोडीदारीण हात लावून दाखवते." कुणी पाळण्यातल्या मुलांच्या खोलीतल्या हवेबद्दल बोललं, कुणी जिन्याच्या खिळ्याबद्दल. एकेक जण बोलून खाली बसत होता आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येत होता. त्या दिवशी गाव बारा वर्षांत पहिल्यांदा घाबरलं, आणि खरं तर ते फार पूर्वीच घाबरायला हवं होतं.

शेवटी सरपंच उभे राहिले. आता नियम वाचणार, असं आक्काला वाटलं.

"दिशेचा काटा," सरपंच म्हणाले आणि थांबले. त्यांचा गोड आवाज पार उतरला होता. "दिशेच्या काट्यात केसभर फरक आहे. आठ महिने झाले. काट्यावरच्या जोडीने मला सांगितलं होतं. सोहळा झाला की बघू, असं मी म्हणालो."

केसभर फरक म्हणजे तीन पिढ्यांनी तो तारा चुकणार आणि पुढे काळोख. हे न कळणारं पारावर कुणी नव्हतं. सरपंच बाजूला जाऊन, कामावरून उतरवलेले 'तीनदिवे' पारावर ज्या बाकावर बसत, त्या बाकावर बसले. त्यांना तिथे बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

काटा त्याच दिवशी सरळ केला. झडप बदलली, गाळणी बदलली. तीन दिव्यांचा नियम पुसून टाकला. दीड वर्ष गावाने पाणी मोजूनमापून प्यायलं, आंघोळीला ओलं फडकं वापरलं, कुरकुरही केली, पण तहानेने कुणी गेलं नाही.

आणि पितळोबाचा कान? तो बसवायला अर्ध्या तासाचं काम होतं. भांडाराच्या तिसऱ्या फळीवर नवेकोरे कान ठेवलेले होते, सहा की सात. इतके महिने. कुणी मागितलेच नव्हते, कारण मागायचं तर का पाहिजे ते सांगावं लागलं असतं. 

आक्काच्या बोटांना मात्र भांडारात औषध नव्हतं. बक्कलं आता मैना बघते आणि आक्का शेजारी स्टुलावर बसून तिला शिकवते. टोळी बाहेर असली की आक्काला अजूनही घास गिळत नाही. फरक एवढाच, की आता मैनालाही गिळत नाही, पितळोबा दारापाशी येरझाऱ्या घालतो, आणि तिघं एकमेकांना विचारतात, "नक्की पाहिलं ना?"

परवा मैनाचंच एक बक्कल अर्धं राहिलं. आक्काने ते पकडलं, बोटांनी नव्हे, डोळ्यांनी. दोघींनी जाऊन दिवा लावला. गूळ वाटताना आक्काच्या बोटांत परात ठरेना, म्हणून ती पितळोबाने धरली. आक्का त्याला म्हणाली, "पितळ्या, बाबा कसे हसायचे रे?" हळूच म्हणाली, अगदी हळू.

पितळोबाला पहिल्या हाकेतच ऐकू आलं.

गोष्टीचं तात्पर्य विचाराल, तर इतकंच: आपल्या माणसाची चूक झाकली म्हणून आपलं माणूस वाचत नाही, फक्त चूक वाचते. आणि ज्या गावात चूक सांगणाऱ्याला शिक्षा होते, तिथे दिवा लागत नाही म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.